सुट्टीनंतरचा दिवस

"हंचाटे, रोगाला कॅलेंडर वाचता येतं का हो?"

राजोपाध्ये साहेबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरत होतो. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळायला बघत होता, म्हणून एका कोपऱ्यावर पेपरवेट, दुसऱ्यावर पानाचा डबा, तिसऱ्यावर पंचिंग मशीन आणि चौथ्यावर खुद्द साहेबांचा चष्मा असा मी बंदोबस्त केला.

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मग हे काय आहे?"

हे म्हणजे लाल ठिपके होते. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सोलापूरच्या एका सूतगिरणीत मी तेव्हा टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर पडला, हे लिहून ठेवायचं, एवढंच काम. राजोपाध्ये हे लेबर ऑफिसर. त्यांच्या दारावरच्या पाटीवर 'कामगार कल्याण' असंही लिहिलेलं होतं, पण पाटी जुनी होती.

दुखतंय म्हणून अर्ध्या पाळीत गेटपास घेऊन घरी जाणारी माणसं वाढली होती. साहेबांनी मला सहा महिन्यांचा हिशेब मांडायला सांगितला. दुसऱ्या कुणी तो रकान्यांत लिहून दिला असता. मला नीटनेटकेपणाचं व्यसन. मी आलेखाचा कागद आणला, वरती सात वार लिहिले, आणि आजारी पडून गेलेल्या प्रत्येक माणसामागं लाल शाईचा एक ठिपका दिला. पहिल्या तीन महिन्यांत गिरणीची सुट्टी रविवारी असे. दोन-तीन सोडले तर ठिपके सगळे सोमवारच्या रकान्यात. मग विजेच्या टंचाईमुळं सुट्ट्या वाटून दिल्या आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्याबरोबर ते सगळेच्या सगळे ठिपके, सरकारी नोकराची बदली व्हावी तसे, सामानसुमान उचलून शुक्रवारच्या रकान्यात राहायला गेले.

"सुट्टी हलली तसा रोग हलला!" साहेब हसून हसून लाल झाले. "गुरुवारी ढोसायची आणि शुक्रवारी छाती धरायची. हंचाटे, तुम्ही ह्यांना चड्डीसकट पकडलंत. सगळ्यांत जास्त ठिपके कुणाचे?"

"सिद्राम हत्तुरे. ब्लोरूम. चौदा."

ब्लोरूम म्हणजे गिरणीचं पहिलं खातं. तिथं कापसाच्या गाठी फोडून कापूस पिंजतात. आत गेलं की पाच मिनिटांत माणूस म्हातारा दिसायला लागतो, भुवया पांढऱ्या होतात.

"त्याला आरोपपत्र. सवयीचा कामचुकार. एकाला काढला की बाकीचे एकशे अकरा आपोआप बरे होतात. औषध लागत नाही."

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात माझ्या टेबलावर नवा कोरा टेबलफॅन येऊन बसला. सोलापुरात, मार्च महिन्यात. मी बायकोला सांगितलं, की माझ्या अक्षराचं चीज झालं.

*

पुरावा पक्का करायला पुढच्या शुक्रवारी साहेबांनी मला सिद्रामच्या घरी पाठवलं. अकरा वाजता तो गेटपास घेऊन गेला, साडेबाराला मी सायकल काढली. "तोंडाचा वास घ्या," साहेबांनी बजावलं होतं, "आणि बोलेल ते शब्दाला शब्द लिहून आणा."

दोन खोल्यांचं घर. सिद्राम खाटेवर बसला होता, पण आजारी माणूस बसतो तसा नव्हे. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर घेऊन, एखादं जड पोतं उचलायच्या बेतात असल्यासारखा. श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

"या की मालक," तो म्हणाला. एवढ्या तीन शब्दांना त्यानं तीन श्वास घेतले. "नागव्वा, टाइमकीपर आलेत बघ. आता घरात पण... कार्ड पंच करावं लागतंय."

नागव्वा त्याची बायको. ती चुलीपुढून उठली, तांब्या माझ्यापुढं ठेवला, बरोबर गुळाचा खडा.

मी मुद्दाम वाकून पाणी घेतलं, सिद्रामच्या तोंडाजवळून. वास गुळाचा होता.

"हे काय, गूळ?"

"गिरणीचाच हाय," नागव्वा म्हणाली. ब्लोरूमच्या माणसांना गिरणी रोज गुळाचा एकेक खडा द्यायची, धूळ घशाखाली उतरावी म्हणून. आरोग्याची व्यवस्था म्हणतात ती हीच. "सुट्टीच्या दिवशी गूळ मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ह्यांची छाती धरतीय, असं खात्यातली सगळी म्हणत्यात. म्हणून मी आठवडाभर खडे साठवून ठेवते आणि सुट्टीला खायला घालते."

"मग फरक पडतो?"

"डबा रिकामा होतोय," सिद्राम म्हणाला आणि हसला. हसणं खोकल्यात गेलं, ते बराच वेळ परत आलं नाही.

मी वही काढली. "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?"

"एकदम घोड्यागत! काल सिद्धेश्वराला... चालत जाऊन आलो की."

मी लिहिलं: सुट्टीच्या दिवशी प्रकृती उत्तम. पायी फिरतो.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"सकाळी बराच असतोय. सात वाजता मशीनवर उभारतोय. दहा वाजले की... कुणीतरी छातीवर गाठ ठेवल्यागत होतंय. कापसाची. साडेचार मणाची."

"आणि मग शनिवारी?"

"शनिवारी कमी. रविवारी त्याहून कमी. बुधवारपर्यंत... गडी तयार."

मी तेही लिहिलं. माणूस आपल्या हातांनी आपल्याच गळ्यात दोर घालत होता आणि वर मला विचारत होता, मालक, चहा घेणार का.

नागव्वा माझ्या वहीकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला बघता येत होतं.

"ओ मालक, खरं सांगा. तुम्हाला वाटतंय हे नाटक करत्यात?"

"मी फक्त लिहून घेतो, बाई."

"मग हे पण लिवून घ्या. नाटक करणारा माणूस फायद्यासाठी करतोय की नाही? अर्ध्या पाळीत आलं की अर्धा पगार जातोय. महिन्याच्या हजेरीचं बक्षीस जातंय. विमा पहिल्या दोन दिसाचा पैसा देत नाही, आन् ह्यांचा आजार तर एका दिसाचा. ह्यांच्या जागेवर तुम्ही बदलीवाला उभा करता, त्याला निम्म्यात राबवता. म्हणजे हे आजारी पडले की गिरणीचं वाचतंय, विम्याचं वाचतंय. जातंय ते फक्त आमचं. असलं नाटक कोण येडा करंल?"

हा प्रश्न माझ्या आलेखात बसत नव्हता, म्हणून मी तो लिहून घेतला नाही.

निघताना सिद्राम म्हणाला, "मालक, नोकरीवर तर काही येत नाही ना? नोकरी गेली की विम्याचं कार्ड जातंय. म्हंजे औषध पण गेलं."

कायदाच तसा गमतीचा होता. बरा असेस्तोवर माणसाचा विमा. आजारानं नोकरी गेली, की पाठोपाठ विमाही जाणार.

"बघू," मी म्हणालो. ज्याला काहीही बघायचं नसतं तो हाच शब्द वापरतो.

*

चौकशीला जोडायला सिद्रामच्या दाखल्यांच्या नकला हव्या होत्या, म्हणून मी कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टर गड्डम म्हणून एक बाई वर्षापूर्वी आल्या होत्या. तिशीच्या, बारीक, चष्मेवाल्या. बाहेर बाकांवर पन्नास माणसं होती आणि आत त्या एकट्या. मी माझं काम सांगितलं, आणि ओळख वाढावी म्हणून आलेखही उलगडून दाखवला. खरं म्हणजे मला तो कुणालाही दाखवायचा असे. त्या आठवड्यात मी तो मेव्हण्यालासुद्धा दाखवला होता.

बाईंनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो." मी थोडा ताठ बसलो.

"हे ठिपके कुठल्या खात्यांचे?"

"ब्लोरूम आणि कार्डिंग, म्हणजे पिंजलेला कापूस विंचरतात ते खातं. जवळजवळ सगळे."

"आणि बाकीच्या खात्यांत? पॅकिंगमध्ये?"

"तिकडं दोन-तीन, तेही वेगवेगळ्या वारी. तिकडची माणसं प्रामाणिक आहेत."

बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. शाळेत गणिताच्या बाई अशा बघत.

"हंचाटे, पॅकिंगमध्ये धूळ नसते," त्या म्हणाल्या. "ह्या माणसांना कापसाच्या धुळीचा रोग आहे. त्याची खूणच ही. रोज धूळ खाऊन छातीला तिची सवय होते. मध्ये एक दिवस सुट्टी मिळाली, की ती सवय मोडते. मग पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढं दिवसागणिक कमी होत जाते. पुस्तकात हेच लिहिलंय. मी वर्षभर हेच शोधतेय. पण इथं एकेक माणूस येतो, खोकून जातो. कुठल्या वारी आला हे मी लक्षात ठेवणार कसं? आणि तुम्ही सहा महिन्यांचं काढून बसलाय." त्यांनी शुक्रवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. "सुट्टी हलवली तरी त्याच दिवशी! ह्याहून चांगला पुरावा मुंबईच्या प्रयोगशाळेतही मिळायचा नाही."

 सुट्टी हलली तसा रोग हलला, हेच वाक्य. साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा केवढं पटलं होतं!

"मग आता?"

"हत्तुरेची केस मी मेडिकल बोर्डाकडे पाठवते. कामामुळं झालेला आजार ठरला तर त्याला जन्मभर विम्याचे पैसे मिळतील, नोकरी राहो न राहो. एकाचं ठरलं की बाकीच्यांचंही ठरेल. हा कागद मला द्या."

"कागद गिरणीचा आहे, बाई."

"मग नक्कल द्या."

"साहेबांना विचारून देतो."

हे मी म्हणालो, आणि म्हणताना मला आपण फार नियमाचे आहोत असं वाटत होतं.

*

मी थेट राजोपाध्ये साहेबांकडे गेलो. माझी समजूत अशी, की साहेबांना खरं कळलेलं नाही. कळलं की ते हळहळतील. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बायको-मुलं असताना, माणूस इतका बावळट असू शकतो.

मी सगळं सांगितलं. साहेबांनी मधेच अडवलं नाही. दोन चहा मागवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या केबिनमध्ये बसून चहा मिळत होता.

"बाईंनी कागद ठेवून घेतला?"

"नाही साहेब. गिरणीचा कागद परस्पर कसा देईन?"

"वा. म्हणून तर तुम्ही मला आवडता. बघू."

मी कागद गुंडाळला, लाल फीत बांधली, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिला. आयुष्यात मी बरंच काही बांधलंय, मुलीच्या लग्नातले आहेरसुद्धा. पण इतकं नीट काही बांधलेलं आठवत नाही.

"साहेब, गिरणीला काही तोशीस नाही ह्यात," मी म्हणालो. "पैसे विम्यातून मिळणार."

"पैसे विम्यातून. आणि धूळ ओढणारी यंत्रं?" साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं. "एकदा रोग आहे म्हटलं, की तपासनीस येणार, यंत्रं बसवा म्हणणार. दोन खात्यांना यंत्रं बसवायची तर गिरणीला तीन वर्षांचा नफा लागेल. गूळ स्वस्त पडतो, हंचाटे."

बिस्कीट तुटून कपात पडलं. साहेब चमच्यानं ते शोधत राहिले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं ते एवढंच.

आठ दिवसांनी चौकशी झाली. सिद्राम धुतलेला सदरा घालून आला होता, नागव्वा फाटकाबाहेर उभी होती. साहेबांनी आरोपपत्र हातात घेतलं, वाचलं आणि सगळ्यांदेखत फाडून टाकलं.

"हत्तुरे, तू आमचा जुना माणूस. आम्ही काय राक्षस आहोत का?"

सिद्राम त्यांच्या पाया पडला. वाकल्यावर त्याला सरळ व्हायला वेळ लागला, तो साहेबांना भक्तिभाव वाटला असावा.

त्याच दुपारी नोटीस लागली. कामगारांना सणवार, लग्नकार्यं, पाहुणेरावळे यांसाठी सोय व्हावी म्हणून गिरणीनं फिरती साप्ताहिक सुट्टी सुरू केली आहे. ह्यापुढं प्रत्येकाला वेगवेगळ्या वारी सुट्टी, आणि तीही दर महिन्याला बदलणार. विजेची टंचाई सरली होती, त्यामुळं यंत्रं एक दिवसही बंद राहणार नव्हती. लोक खूश झाले. युनियनचं पोरगं येऊन पेढे वाटून गेलं. गेटवर साहेबांचा सत्कार झाला, आणि हार घालायला ब्लोरूमतर्फे कोण आला असेल? सिद्राम हत्तुरे. फोटो निघाला. फोटोत सिद्रामचं तोंड उघडं आहे. बघणाऱ्याला वाटतं, हसतोय.

सुट्ट्यांचा तक्ता कुणी बनवला, हे सांगायला नकोच. रंगीत पेन्सिलींनी बनवला.

माझे ठिपके उधळले गेले. सोमवारी तीन, मंगळवारी दोन, बुधवारी चार. कुठल्याच रकान्यात काही दिसेना. नुसती गोवर उठल्यासारखी कागदभर लाली.

डॉक्टरबाईंनी तरी केस पाठवलीच. आलेखासाठी गिरणीला दोन पत्रं लिहिली. दुसऱ्या पत्राचं उत्तर मीच टाइप केलं: असा कोणताही कागद दफ्तरी नाही. तो खरंच दफ्तरी नव्हता. साहेबांनी घरी नेला होता. मग बोर्डाकडून छापील फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: सदर कामगारास आठवड्याच्या ठराविक वारी त्रास होतो काय? मी हजेरीपुस्तक काढून तपासलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: नाही. हेही खरंच होतं. मी खोटं लिहीत नसे.

केस नामंजूर झाली. पाठोपाठ गिरणीनं सिद्रामला अंगमेहनतीस असमर्थ म्हणून कमी केलं. सहा महिन्यांनी विम्याचं कार्ड बंद झालं.

*

पुढच्या एप्रिलात एका भर दुपारी नागव्वा टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. एकटीच.

"ते का नाही आले?" मी विचारलं.

"फाटकापर्यंत चालवत नाही आता," ती म्हणाली. "मालक, गेल्या साली तुम्ही घरी येऊन लिवून घेतलं होतं बघा. सुट्टीला बरा असतोय, दुसऱ्या दिवशी छाती धरतीय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, तेवढा एक कागद घावला तर पुन्हा अर्ज करता येतोय."

माझ्या पाठीमागच्या कपाटात सगळी हजेरीपुस्तकं ओळीनं उभी होती. आणि आज सांगतो, कारण विचारायला आता कुणी उरलं नाही: तक्ता बनवला त्याच दिवशी मला कळलं होतं. ठिपके वाराप्रमाणं मांडायचेच नाहीत. प्रत्येकाच्या सुट्टीपासून दिवस मोजायचे. पहिला, दुसरा, तिसरा. तसे मांडले की फिरती सुट्टी असो की नसो, एकशे बारा माणसांचे ठिपके पुन्हा एका रांगेत, पहिल्या रकान्यात, येऊन उभे राहणार होते. एका रात्रीचं काम. लाल शाई टेबलावर होती. मला हेड टाइमकीपरची ऑर्डर मिळून अकरा दिवस झाले होते.

"ते कागद आता नाहीत, बाई."

"नाहीत?"

"नाहीत."

ती हलली नाही. लुगड्याचा पदर घामानं खांद्याला चिकटला होता. खिडकीचे गज तिनं दोन्ही हातांनी धरले होते; गज तापलेले असणार.

"कागद नसंना का," ती म्हणाली. "तुम्ही हाय की. तुमच्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही सांगा की."

मी वर बघितलं नाही. टेबलावर मान हलवत बसलेल्या टेबलफॅनची कळ दाबली, त्याची मान थांबवली, आणि त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.